भरपूर म्हणजे किती? नांदूर मधमेश्वरला पक्षी मोजायला जाताना

माझ्या २०११ च्या डायरीत जानेवारीतलं एक पान आहे: ‘नांदूर मधमेश्वर. चांदवे भरपूर. थापट्या बदकं बरीच. एक मोठा शिकारी पक्षी. मजा आली.’ (चांदवा म्हणजे पांढऱ्या कपाळाचा काळा पाणपक्षी.) पाणथळींचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीला मी हे पान कौतुकानं दाखवलं. ती म्हणाली, “मॅडम, भरपूर म्हणजे किती?” पंचवटीतल्या शाळेत अठ्ठावीस वर्षं मी एकक लिहिलं नाही म्हणून पोरांचा अर्धा मार्क कापत आले, आणि माझ्याच डायरीत ना आकडा, ना वेळ!

आकडा का हवा, तर नांदूर मधमेश्वरचं पक्षी अभयारण्य हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे पाणथळ जागांसाठीच्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या यादीतली जागा. एखादी पाणथळ जागा रामसर यादीत घेताना बरेच निकष बघतात. त्यातला एक म्हणजे तिथे नियमितपणे २०,००० पाणपक्षी असावेत; दुसरा म्हणजे एखाद्या पाणपक्ष्याच्या एकूण संख्येतला १ टक्का तरी तिथे यावा. हे ‘भरपूर’वर कसं ठरणार? कुणाला तरी कुडकुडत उभं राहून मोजावंच लागतं.

तयारी स्वयंपाकघरातून सुरू करा. ताटात थोडी मटकी फेका, पाच सेकंद बघा, वर रुमाल टाका आणि आकडा लिहा. मग खरंच मोजा. पहिल्यांदा मी १२० लिहिले आणि निघाले २०७. बहुतेकांचा अंदाज असाच कमी पडतो. आठवडाभर रोज करा, तुमचा हात किती आखडता आहे ते कळेल. (मटकी वाया जात नाही, संध्याकाळी उसळ करा.)

आता प्रत्यक्ष जागा. नाशिकहून साधारण ४० किलोमीटर, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथे. इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला, गाळ साचत गेला आणि त्या उथळ पाण्यात पक्षी उतरायला लागले. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत. उजाडताना पोहोचा आणि निफाडची थंडी हलक्यात घेऊ नका, बोटं पेन धरत नाहीत. शाळेची सहल नेणार असाल तर वन्यजीव विभागाला आधी पत्र द्या. गावातला गाइड नक्की घ्या, पैशांत घासाघीस करू नका. आपण वर्षातून चारदा जातो, तो बारा महिने तिथे असतो.

मनोऱ्यावर चढल्या चढल्या घड्याळ बघून वेळ लिहा. मग डाव्या काठापासून सुरू करा. पहिले दहा चांदवे एकेक करून मोजा. त्या दहांनी दुर्बिणीत केवढी जागा घेतली ते डोळ्यांत साठवा, आणि तेवढाच तुकडा थव्यावरून पुढे सरकवत न्या: दहा, वीस, तीस. थवा फार मोठा असेल तर शंभराचा तुकडा धरा. मध्येच भोवत्या (शिकारी पक्षी) आला की सगळे उडतात, फिरून उजवीकडे बसतात, आणि आपण तेच पक्षी परत मोजतो. मी एकदा असेच चारशे चांदवे आठशे केले होते. थवा उडाला की आकडा खोडा, बसू द्या, पहिल्यापासून मोजा. कंटाळा येतो, पण इलाज नाही.

ओळखू न आलेलं बदक ‘बदक, जात कळली नाही’ असंच लिहा. शेजारचा कॅमेरेवाला छातीठोकपणे नाव सांगतो म्हणून लिहू नका.

यादी ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवायचं ॲप आणि वेबसाइट) तिथेच भरा, घरी येऊन आठवून नको. किती वाजता सुरू केलं, किती मिनिटं पाहिलं, किती चाललात, हे तिन्ही हवं. ‘ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवले का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणायचं तर चिमण्या-कावळेही यादीत हवेत. अशा पूर्ण यादीत जो पक्षी नाही, तो दिसला नाही असं धरता येतं. नुसते ‘भारी’ पक्षी लिहिले तर ते कळत नाही. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून चालू आहे, तिच्यातही सामील व्हा. पायात किंवा गळ्यात अभ्यासकांनी घातलेलं कडं असलेला पक्षी दिसला तर कड्याचा रंग आणि अक्षरं टिपा, फोटो काढा आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा.

मुलं असतील तर तिघांची टोळी करा: एक दुर्बिणीवर, एक मोठ्यानं मोजणारा, एक लिहिणारा. दर वीस मिनिटांनी कामं बदला. मी भाषण करत नाही. निफाडचा पारा घसरला की पेपरात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा येतो, तेवढं फक्त आठवून देते. तिथे कुणीतरी रोज पारा वाचतं, आज आपण तेच करतोय.

एका पोरानं प्रकल्पासाठी बरणीत तळ्याचं पाणी भरायला घेतलं, तेव्हा त्याला थांबवावं लागलं. अभयारण्यात नमुने घ्यायचे तर वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे (१९७२ चा) रीतसर परवानगी लागते. पडलेलं पीससुद्धा उचलायचं नाही. “पाणी हवंय ना? रामकुंडावरून घे,” मी म्हटलं. त्यानं घेतलंही, आणि प्रकल्प जास्त रंगला.

परतताना बांधावरचे एक काका विचारतात, “काय मॅडम, किती भरले आज?” मी वही दाखवते, एखादी मुलगी त्यांच्या डोळ्याला दुर्बीण लावून देते. “आयला, याची चोच तर उलथन्यासारखी!” ते चमचा नावाच्या पक्ष्याकडे बघून म्हणाले होते. पुढच्या खेपेला त्यांनीच नातवाला आणलं.

जानेवारीत मनोऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते. म्हणून मी आता मे महिन्यातही जाते, त्याच मनोऱ्यावर, तेवढाच वेळ. गेल्या मेमध्ये पाऊण तासात चौदा जाती दिसल्या. थापट्यांचा पत्ता नव्हता, आणि ते यादीवरून कळतंही. तुम्ही मेमध्ये गेलात तर पाण्याच्या दोन बाटल्या जास्त घ्या.