सोन्याचे कण नंतर, आधी प्लेट काउंट

शिवाजी विद्यापीठात नॅनो किंवा मायक्रोबायोलॉजीला आलेली बरीच मुलं बायोसेन्सरवर, म्हणजे नमुन्यातले जीवाणू ओळखणाऱ्या साधनावर, प्रोजेक्ट करायचा म्हणतात. जरूर करा. पण त्याआधी प्लेट काउंटवर, म्हणजे पोषक जेलीच्या बशीत वाढलेले जीवाणूंचे ठिपके (कॉलनी) मोजण्यावर, हात बसवा. सेन्सरचा आकडा खरा की खोटा, हे शेवटी कॉलनी मोजूनच ठरतं.

सेन्सरला रंग देणारे सोन्याचे नॅनोकण बनवणं त्या मानानं सोपं. क्लोरोऑरिक आम्लाचं पातळ द्रावण उकळायचं, त्यात ट्रायसोडियम सायट्रेट घालायचं, की काही मिनिटांत लाल रंग येतो. पद्धत 1951 पासूनची. यूव्ही-व्हिजिबलवर (द्रावण कोणता प्रकाश शोषतं ते दाखवणाऱ्या यंत्रावर) 520 नॅनोमीटरच्या आसपास पीक दिसला की पुढे जा.

कस लागतो तो कणांवर अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक जीवाणूला धरणारं प्रथिन, चढवताना. ती कमी पडली तर मीठ घालताच कण एकमेकांना चिकटतात आणि लाल द्रावण निळसर-जांभळं पडतं. म्हणून अँटिबॉडी थोडी थोडी वाढवत न्यायची आणि प्रत्येक नळीत 10 टक्के सोडियम क्लोराइड घालून बघायचं. ज्या मात्रेला लाल रंग टिकतो, तिच्याहून जराशी जास्त घ्यायची. कित्येकांना हे किचकट वाटतं. मला मात्र लॅबमधलं सगळ्यात आवडतं काम हेच. कणांवर काय चाललंय ते नुसत्या डोळ्यांनी कळतं.

कोल्हापुरात नमुना म्हटलं की दूध आलंच. बफरमध्ये (स्वच्छ क्षारद्रावणात) छान चालणारी लॅटरल फ्लो पट्टी, म्हणजे जीवाणू असले की रंगीत रेघ दाखवणारी चाचणीपट्टी, म्हशीच्या कच्च्या दुधात अडते. स्निग्धांशानं पट्टीची छिद्रं बुजतात, केसिन हे दुधातलं प्रथिन कणांना चिकटतं. इथे लोह ऑक्साइडचे चुंबकीय कण कामाला येतात. अँटिबॉडी लावलेले कण दुधात मिसळायचे, नळीला बाहेरून चुंबक लावायचा आणि जीवाणूंसकट कण कडेला जमले की दूध काढून टाकायचं.

पंचगंगेचं पाणी घेणार असाल तर आधी हिशेब करा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार 100 मिलिलिटरमध्ये ई. कोलाय (आतड्यात राहणारा जीवाणू) सापडताच कामा नये. पट्टीवर पडतं साधारण 100 मायक्रोलिटर, म्हणजे त्याचा हजारावा भाग. शिवाय साध्या पट्टीवर रेघ उमटायला मिलिलिटरमागे दहा हजार ते दहा लाख जीवाणू लागतात. त्यामुळे पाणी गाळून, ब्रॉथमध्ये (पोषक द्रवात) काही तास वाढवल्याशिवाय रिपोर्टात ‘सुरक्षित’ लिहू नका. त्या एका शब्दावर कुणीतरी ते पाणी पिईल.

सरावाला रोगकारक नसलेला ई. कोलाय चंदीगडच्या एमटीसीसी या जीवाणू-संग्रहाकडून मागवता येतो. फक्त ओ157 या रोगकारक ई. कोलायची अँटिबॉडी त्याला धरणार नाही, तेव्हा ऑर्डर देण्याआधी स्ट्रेन (जीवाणूचा वाण) आणि अँटिबॉडीची जोडी गाइडकडून तपासून घ्या.