घरचं तेल, साबण, उटणं ऑनलाइन विकायचंय? आधी लायसन्सचं नीट समजून घ्या

दिवाळीच्या आधी महिनाभर प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर घरगुती उटण्याचे मेसेज सुरू होतात आणि बाकी वर्षभर जास्वंदीचं तेल, बकरीच्या दुधाचा साबण, बीटाचा लिप बाम, कोरफडीचं जेल असं काही ना काही चालूच असतं. बनवणाऱ्या बहुतेकजणी मनापासून बनवतात, माल चांगला वापरतात, त्याबद्दल वादच नाही. पण लायसन्स आहे का विचारलं की उत्तर येतं, हो आहे ना, शॉप ॲक्ट काढलंय, उद्यम आहे, आणि काहीजणी तर एफएसएसएआयचा नंबर बाटलीवर छापून मोकळ्या होतात. घोळ नेमका इथे होतो. शॉप ॲक्ट आणि उद्यम ही तुमच्या धंद्याची नोंद झाली, एफएसएसएआय खाण्याच्या वस्तूंसाठी असतं, आणि अंगाला लावायची वस्तू बनवून विकायची तर त्याचं लायसन्स पूर्ण वेगळं असतं, ते या तिन्हीपैकी कशातच येत नाही.

कायदा आहे औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० आणि त्याखाली आता कॉस्मेटिक्स रूल्स २०२०. शरीर स्वच्छ करायला, सुंदर दिसायला किंवा रूप बदलायला जे काही चोळतो, ओततो, शिंपडतो, फवारतो किंवा लावतो ते सगळं कॉस्मेटिक. म्हणजे उटणं आलं, शिकेकाई पावडर आली, काजळ आलं. साबण पूर्वी या व्याख्येतून वगळलेला होता पण १९८२ च्या दुरुस्तीपासून तोही आत आहे. विकण्यासाठी कॉस्मेटिक बनवायचं तर राज्याच्या लायसन्सिंग अधिकाऱ्याकडून, म्हणजे महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडून, ज्याला आपण एफडीए म्हणतो, मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स लागतं. अर्ज फॉर्म सीओएस-५ मध्ये आणि लायसन्स मिळतं ते सीओएस-८ मध्ये. स्वतःच्या घरात वापरायला बनवताय तर कुणी विचारत नाही, प्रश्न विक्रीला काढलं की येतो.

एक गोष्ट फार जणींना माहीत नसते. दुसऱ्या लायसन्सवाल्या कंपनीचं तयार सीलबंद कॉस्मेटिक नुसतं विकायला औषधांसारखं विक्रीचं वेगळं लायसन्स लागत नाही. पण पाच किलोचा क्रीमचा डबा होलसेलमधून आणला, पन्नास ग्रॅमच्या डब्यांत भरला आणि आपलं लेबल लावलं तर ती नुसती विक्री राहत नाही, कारण कायद्याच्या व्याख्येत पॅक करणं, लेबल लावणं, मोठ्या मालाचे छोटे भाग करणं हे सगळं उत्पादनातच धरलंय. त्यामुळे तयार सोप बेस वितळवून साच्यात ओतणाऱ्यांनी "आम्ही कुठे बनवतो, बेस तर विकतचा आहे" असं समजू नका.

आणि यूट्यूबवर अमेरिकेतल्या बायका किचनमध्ये बॉडी बटर बनवून ऑनलाइन विकताना दिसतात ते बघून तर अजिबात ठरवू नका, तिथे केंद्रीय कायद्यात कॉस्मेटिकला विक्रीआधी लायसन्स किंवा मंजुरी लागत नाही, आपल्याकडे लागते. त्यांच्या रेसिपी बघा हवं तर, धंदा कसा सुरू करायचा ते मात्र इथल्या नियमाने.

मग घराच्या ओट्यावर लायसन्स मिळेल का? नाही मिळणार, आणि हे आधीच कळलेलं बरं. नियमांच्या सातव्या परिशिष्टात जागेच्या अटी आहेत, त्यात राहण्याची जागा चालत नाही आणि राहत्या घराला आतून जोडलेली जागाही चालत नाही. म्हणजे बंगल्याच्या मागची खोली वापरायची तर तिचं दार घरात उघडता कामा नये, येणंजाणं वेगळं हवं. भिंती खालपासून सहा फुटांपर्यंत गुळगुळीत, पाणी न शोषणाऱ्या, धुता येतील अशा हव्या. क्रीम-लोशनसाठी साधारण २५ चौरस मीटर आणि पावडरसाठी १५ चौरस मीटर जागा शिफारस केलेली आहे, टॉयलेट सोपसाठी याहून बरीच जास्त. शिवाय देखरेखीला टेक्निकल माणूस लागतो, फार्मसीचा डिप्लोमा झालेला किंवा रजिस्टर्ड फार्मासिस्ट सर्वात सोपा पडतो. एकदा लायसन्स मिळालं की दर पाच वर्षांनी रिटेन्शन फी भरून ते चालू ठेवता येतं. एकटीला हे झेपणं अवघड आहे हे मान्य, पण बचत गटाच्या दहा-बारा जणींनी मिळून एखादा गाळा घेतला तर उटण्या-शिकेकाईसारख्या पावडरींचं युनिट खरंच शक्य आहे, गाळा भाड्याने घेण्याआधी मात्र जिल्ह्याच्या एफडीए ऑफिसात जाऊन नकाशा दाखवून विचारा, करार करून बसल्यावर नको.

ज्यांना एवढं करायचं नाही त्यांच्यासाठी दोन रस्ते आहेत. एक लोन लायसन्स, यात जागा, मशीन आणि सोय दुसऱ्या लायसन्सवाल्या युनिटची असते पण लायसन्स तुमच्या नावाने निघतं, अर्ज सीओएस-६, लायसन्स सीओएस-९. दुसरा थर्ड पार्टी मॅन्युफॅक्चरिंग, म्हणजे फॉर्म्युला तुमचा किंवा त्यांचा, बनवणार ते, लेबलवर उत्पादक म्हणून त्यांचं नाव, पत्ता आणि लायसन्स नंबर आणि "मार्केटेड बाय" म्हणून तुमचं नाव. माझ्या मते सुरुवात करणाऱ्यांसाठी हाच रस्ता सगळ्यात शहाणपणाचा, कारण तुम्हाला उत्पादनाचं लायसन्स लागत नाही आणि टेस्टिंगची व्यवस्था तिथे असते. अडचण येते ती मिनिमम ऑर्डरची, पन्नास बाटल्या कुणी करून देत नाही, त्यामुळे पाच प्रॉडक्ट एकदम काढण्यापेक्षा एकाच तेलापासून सुरू करा.

युनिट पक्कं करताना त्यांच्या लायसन्सची कॉपी मागा आणि त्यात तुमच्या प्रकारचं प्रॉडक्ट आहे का ते स्वतः वाचा, साबणाच्या परवानगीवर फेस सीरम बनवून देणारे भेटतात. प्रत्येक बॅचचा टेस्ट रिपोर्ट मिळेल, फॉर्म्युला तुमचाच राहील आणि तक्रार आली तर बॅचचं सॅम्पल त्यांच्याकडे जपलेलं असेल हे लेखी करारात घ्या, तोंडी नको.

आणि एक काम चुकूनही करू नका, माल घरी बनवायचा आणि लेबलवर ओळखीच्या कुणाचं तरी कंपनीचं नाव, लायसन्स नंबर छापायचा. ज्या उत्पादकाने बनवलंच नाही त्याच्या नावाने विकलेलं कॉस्मेटिक कायद्यात बनावट ठरतं, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि कमीत कमी ५०,००० रुपये किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, जे जास्त असेल तेवढा दंड आहे.

आता लेबल. समजा १०० मिलीची केसांच्या तेलाची बाटली आहे, किंमत ३०० रुपये. पुढे प्रॉडक्टचं नाव आणि नेट क्वांटिटी १०० मिली. मागे उत्पादकाचं नाव आणि जिथे बनलं त्या जागेचा पूर्ण पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर, बनवल्याचा महिना-वर्ष, कधीपर्यंत वापरायचं तो महिना-वर्ष, कसं वापरायचं आणि काही धोका असेल तर सूचना. मग घटकांची यादी, जे वजनाने जास्त ते आधी, म्हणजे खोबरेल तेल ९० टक्के असेल तर तेच पहिलं, ठळक अक्षरात "भृंगराज तेल" लिहिलं म्हणून माका पहिला येत नाही, एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कुठल्याही क्रमाने चालतात. यानंतर वैधमापनाचे, म्हणजे वजन-मापाच्या कायद्याखालचे, पॅकबंद वस्तूंसाठीचे पॅकेज्ड कमोडिटीज नियम २०११, त्यांच्यासाठी एमआरपी सर्व करांसह, युनिट सेल प्राइस म्हणजे इथे ३ रुपये प्रति मिली, ग्राहकाला तक्रार करायला फोन नंबर आणि ईमेल. यातला भाषेचा मुद्दा आपल्या लोकांकडून हमखास राहतो, हा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावाच लागतो, मराठी त्याच्या जोडीला हवं तेवढं लिहा पण नुसतं मराठी लेबल चालत नाही.

दाव्यांकडे खूप लक्ष द्या कारण इथे प्रामाणिक माणसंही अडकतात. "त्वचा मऊ ठेवतं" हा कॉस्मेटिकचा दावा झाला. "पिंपल्स बरे करतं", "एक्झिमा जातो", "टक्कलावर केस येतात" म्हटलं की ती वस्तू औषधाच्या हद्दीत जाते आणि मग कॉस्मेटिकचं लायसन्स असूनही उपयोग नाही. औषधांच्या नियमांतल्या शेड्यूल जे मध्ये तर टक्कल, नवीन केस उगवणं, त्वचा गोरी करणं असे दावे औषधालासुद्धा करता येत नाहीत. ग्राहकाने पाठवलेला आधी-नंतरचा फोटो तुम्ही तुमच्या पेजवर टाकला तर ती तुमचीच जाहिरात धरली जाऊ शकते, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे आणि पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. "केमिकल फ्री" तर लिहूच नका, खोबरेल तेलसुद्धा रसायनच आहे. आणि "आयुर्वेदिक" हा शब्द लावायचा तर त्याचं आयुर्वेदिक उत्पादनाचं लायसन्स वेगळं, फॉर्म २५-डी चं, त्याचे जागेचे आणि ग्रंथोक्त घटकांचे नियम वेगळे, आजीच्या वहीतली कृती आहे एवढ्याने ते आयुर्वेदिक होत नाही.

हे सगळं कागदी कटकट वाटेल पण त्यामागे कारण आहे. केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये गोरं करणाऱ्या, धड लेबलही नसलेल्या क्रीम वापरून लोकांच्या किडनीवर परिणाम झाल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं, क्रीममध्ये पारा होता, आणि तिथल्या औषध नियंत्रण विभागाने ऑपरेशन सौंदर्य नावाने छापे घातले. तुम्ही पारा घालणार नाही हे मला माहीत आहे, पण उटण्यातली हळद कुठून येते ते बघा, सुट्या हळदीत रंग चढायला लेड क्रोमेटची, म्हणजे शिशाच्या पिवळ्या रंगाची, भेसळ करणारे आहेत आणि ते शिसं मग लहान मुलांच्या अंगाला पहिल्या अंघोळीला चोळलं जातं. भारतीय मानकांत शिशाची मर्यादा २० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत २० भाग) आणि आर्सेनिकची २ पीपीएम आहे, एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबमध्ये ही टेस्ट होते. कोरफड जेल, गुलाबपाणी वगैरे पाणी असलेल्या वस्तूंत बॅक्टेरिया आणि बुरशीची टेस्ट हवीच, प्रिझर्व्हेटिव्ह न घालता फ्रिजबाहेर महिनाभर टिकतं असं सांगून विकणं धोक्याचं आहे.

ऑनलाइनसाठी आणखी थोडं. लेबलवरची बहुतेक माहिती, म्हणजे उत्पादक, नेट क्वांटिटी, एमआरपी, कस्टमर केअर, ही लिस्टिंगवरही दिसायला हवी. मोठे मार्केटप्लेस या कॅटेगरीला लायसन्सचे कागद मागतात, इन्स्टाग्राम-व्हॉट्सॲपवर कुणी मागत नाही, कायदा दोन्हीकडे तोच. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे मार्केटप्लेसवरच्या विक्रेत्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात निपटारा करायचा, त्यासाठी एक माणूस नेमलेला हवा, छोट्या धंद्यात तो तुम्हीच.

जीएसटीत वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीची मर्यादा ऐकून निवांत बसू नका, ती राज्याच्या आतल्या विक्रीला आहे. सावंतवाडीतून म्हापशाला एक बाटली विकली तरी ती दुसऱ्या राज्यातली विक्री झाली आणि रजिस्ट्रेशन लागतं. मर्यादेच्या आत असाल तर मार्केटप्लेसवरून फक्त आपल्या राज्यात विकायला १ ऑक्टोबर २०२३ पासून रजिस्ट्रेशनशिवाय परवानगी आहे, पण पोर्टलवर एनरोलमेंट नंबर घ्यावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून केसांचं तेल, शाम्पू आणि साबणाची वडी ५ टक्क्यांवर आलीय, लिक्विड सोप आणि क्रीम अजून १८ वर आहेत, दर लावताना हा फरक बघा.

ब्रँडचं नाव ठरवलं असेल तर लेबल छापायच्या आधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर क्लास ३ मध्ये, म्हणजे सौंदर्यप्रसाधनांच्या वर्गात, ते आधीच कुणी घेतलंय का ते शोधा, ऑनलाइन अर्जाची फी एकट्या व्यक्तीला आणि छोट्या उद्योगाला प्रत्येक क्लासला ४,५०० रुपये आहे. आणि ज्यांची विक्री आत्ता लायसन्सशिवाय चालू आहे त्यांनी लिस्टिंग आजच बंद करा, उरलेला माल घरी वापरा, आणि थर्ड पार्टी युनिटना फोन लावायला घ्या, दिवाळीला उटणं हवं असेल तर सॅम्पल, टेस्ट आणि लेबल धरून हे काम पावसाळ्याच्या आधीच सुरू करावं लागतं.