भातलावणीत किती अंतर ठेवावे
सरद (पावसाळी, म्हणजे खरीप) हंगामात ज्योती या भाताच्या जातीची 20 ते 25 दिवसांची रोपे 20 × 15 सेंटीमीटरवर लावा. चौरस मीटरला साधारण 33 चूड (एका जागी एकत्र लावलेली रोपे) बसतात. चुडात दोन-तीनच रोपे, 2 ते 3 सेंटीमीटर खोल. त्याहून खोल गेली तर फुटवे उशिरा आणि कमी येतात. दोरीला खुणा बांधा, नुसत्या अंदाजाने ओळ हमखास वाकते.

दाट लावल्यास बुंध्याशी हवा-ऊन पोहोचत नाही. तपकिरी तुडतुडे ही कीड आणि पर्णकोष करपा हा रोग बळावतो, पीक लोळते. म्हणून दर 2-3 मीटरवर 30 सेंटीमीटरचा पट्टा मोकळा सोडाच.

खाजन शेतीत (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत) हिशेब वेगळा. खारेपणामुळे फुटवे कमी, म्हणून तिथे 15 × 15 सेंटीमीटर आणि थोड्या जास्त दिवसांची रोपे बरी.