‘ऑटम लीव्ह्ज’ शिकताय? या चुका टाळा

जॅझ गिटार शिकणाऱ्यांना मी ‘ऑटम लीव्ह्ज’ हे गाणं लवकर देतो. 32 बारची (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) चीज, आणि पहिल्या आठ बारमध्येच मेजर आणि मायनर दोन्ही टू-फाइव्ह-वन, म्हणजे जॅझमधला नेहमीचा तीन कॉर्डचा क्रम, भेटतात. पण मुलं एकच रेकॉर्ड ऐकतात आणि तेच गाणं समजतात. सगळी गडबड इथून सुरू होते.

माझ्या एका विद्यार्थ्याने सॅक्सोफोनवादक कॅननबॉल अ‍ॅडर्लीच्या 1958च्या रेकॉर्डमधला माइल्स डेव्हिसचा ट्रम्पेट सोलो टॅबवरून (कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं ते आकड्यांत लिहिलेला कागद) पाठ केला होता. एकही सूर इकडचा तिकडे नाही. एका बैठकीत गायिकेने ई मायनर ही पट्टी सांगितली, पियानोवाल्याने चार बार दिले आणि तिने गाणं उचललं. हा मात्र रेकॉर्डवरच्या लांबलचक इंट्रोची वाट बघत थांबला. तो इंट्रो त्या रेकॉर्डच्या मांडणीचा, जोसेफ कोझ्माच्या मूळ चालीत तो नाहीच! मग घाईने शिरला तो जी मायनरमध्ये, कारण बोटांना तेवढंच ठाऊक. गायिकेला थांबावं लागलं. तो पोरगा महिनाभर गिटारला शिवला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. टॅब आधी हातात पडू देणं ही माझीच चूक.

आता मी आठवडाभर गिटार पेटीतच ठेवायला लावतो. आधी गायक इव्ह मोंतांनी गायलेलं याच गाण्याचं फ्रेंच रूप, मग 1958चं रेकॉर्ड, मग पियानोवादक बिल एव्हान्सच्या तिघांच्या वाद्यवृंदाचं 1959चं, शेवटी गिटारवादक जिम हॉल आणि बासवादक रॉन कार्टर यांचं 1972चं. प्रत्येकावर मूळ चाल गुणगुणायची. एव्हान्सकडे स्कॉट लाफारोचा बास सरळ चालत नाही, पियानोशी बोलत राहतो. तिथे बहुतेकांचा बार हरवतो. हरवला की पुन्हा पहिल्यापासून. कंटाळा येतो म्हणणाऱ्यांना माझ्याकडे दुसरा उपाय नाही.

सुरुवातीचे तीन सूर पहिल्या बारवर आदळू नका. ते मुखड्यासारखे आधी येतात, सम चौथ्या सुरावर.

बास वाजवणारा असेल तर सहाव्या तारेवरचे रूट (कॉर्डचे मूळ सूर) सोडा. कॉर्डचा तिसरा आणि सातवा सूर पुरे. जिम हॉल किती कमी वाजवतो ते ऐका.

व्हिडिओ अर्ध्या वेगाने लावून बोटं बघणं बंद. कान लावा.

आणि पट्टी बदलली की कॅपो (तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) शोधू नका. बाराही पट्ट्यांत नाही, पण जी मायनर आणि ई मायनर दोन्हीत चाल बसलीच पाहिजे.