चाफ्याची फांदी का कुजते? या चुका टाळा

पावसाळा लागला की ओळखीची माणसं फोटो पाठवायला लागतात. कुंडीत खोचलेली चाफ्याची फांदी, बुडाशी काळी, शेंड्याला दोन मलूल पानं. "हिला काय झालं?" कुजली. कारण दरवर्षी तेच: फांदी तोडली आणि त्याच दिवशी ओल्या मातीत लावली.

काही वर्षांपूर्वी एका सोसायटीला फाटकापासून आतपर्यंत चाफ्याची रांग हवी होती. फाल्गुनात फांद्या तोडून सुकवा, असं मी सांगितलं होतं. पण वृक्षारोपणाचा कार्यक्रम जुलैत ठरलेला. भर पावसात 24 ताज्या फांद्या काळ्या मातीत गेल्या, आणि उघडीप मिळाली की वरून पाईपने पाणी. महिन्याभराने मला बोलावलं. पहिलीचं बुड दाबलं तर पिकून काळ्या पडलेल्या केळ्यात जावा तसा अंगठा आत गेला. सालीखालून तपकिरी पाणी आलं, आंबूस वासाचं. 22 गेल्या. दोन वरून टणक होत्या. त्या मी खालून कापत गेलो, काप अगदी पांढराशुभ्र दिसेपर्यंत. मध्ये तपकिरी ठिपका जरी राहिला तरी कूज पुन्हा वर चढते. पंधरा दिवस सावलीत सुकवून लावल्या, आज दोन्ही फुलतात.

माझी सवय सांगतो. पानं झडलेली असताना दीड-दोन फुटांची करडी, जून फांदी घ्यायची. हिरवी कोवळी नको. झाडाच्या आत एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या असतात, मी त्याच काढतो. चीक निथळू द्यायचा आणि फांदी दोन आठवडे सावलीत भिंतीला टेकवून ठेवायची. कापावर कोरडी खपली धरली की वाळूमिश्रित मातीत चार बोटं खोल लावायची, काठीला बांधायची, एकदा पाणी द्यायचं. पुढचं पाणी नवीन पान दिसल्यावरच. रोज उपटून मुळं फुटली का ते बघणाऱ्यांनी चाफा लावूच नये.

एवढा कोरडेपणा त्याला का लागतो, ते त्याच्या माहेरात आहे. देवळापुढचा हा चाफा, म्हणजे देवचाफा, मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला, पानगळीच्या कोरड्या रानांतला. शार्ल प्लुमिए (1646–1704) या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञावरून त्याच्या वंशाला प्लुमेरिया हे नाव मिळालं. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने 1753 मध्ये ते पक्कं केलं. संस्कृत काव्यातला चंपक तो हा नव्हे. तो सोनचाफा, आपल्या आशियातला, मॅग्नोलियाच्या घराण्यातला.

इथेच दुसरी मोठी चूक होते. नर्सरीत नुसतं "चाफा द्या" म्हणू नका. देवचाफा, सोनचाफा, कवठी चाफा, हिरवा चाफा, नागचाफा, भुईचाफा या सगळ्या वेगवेगळ्या वनस्पती आहेत, आणि भुईचाफा तर हळदीच्या कुळातला कंद. माझ्या एका शेजारणीने घरी आणलेला सोनचाफा देवचाफा समजून एप्रिलभर कोरडा ठेवला. त्याला मुळाशी ओल लागते; कलम वाळून गेलं. फांदी मोडून बघा: पांढरा चीक आला तर देवचाफा, सोनचाफ्याला चीक नसतो.

बाकीचं थोडक्यात. उन्हाळ्याच्या तोंडावर झाडाला गोल आकार द्यायला शेंडे छाटू नका. फुलांचे गुच्छ शेंड्यालाच येतात. बी लावून आईसारखंच फूल मिळेल ही आशा धरू नका, रंग बदलू शकतो. तसंही शेंगा क्वचितच धरतात: रात्री वास दरवळतो, पतंग मधाच्या आशेने येतात, पण फुलात मध नसतोच. पानाच्या पाठीला नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा. ती पानं खुडून दूर टाका, खतात नको. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.

आणि थंडीत सगळी पानं गळली म्हणून घाबरून पाणी वाढवू नका. नखाने साल थोडी खरवडा. खाली हिरवं दिसलं तर झाड झोपलंय, त्याला झोपू द्या.