राइट बॅक, आणि गरज पडली तर स्टॉपर

फुटबॉलच्या ट्रायलला गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "पोझिशन?" आणि बरीच पोरं छाती पुढे काढून सांगतात, "कुठेही खेळतो, सर." मीही तेच सांगितलं होतं. सतरा वर्षांचा होतो, एका ऑफिस टीमची ट्रायल होती. मला वीस मिनिटं राइट आऊट, दहा मिनिटं मिडफिल्ड आणि शेवटची पाच मिनिटं बॅक खेळवलं. वहीत माझ्या नावापुढे काहीच लिहिलं गेलं नाही. लिहिणार तरी काय?

जिल्हा लीगच्या वर मी कधी गेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढे दुसऱ्या एका टीमचा राइट बॅक, म्हणजे उजव्या कडेचा बचावपटू, दुखावला म्हणून मला मागे आणलं, तिथेच रुजलो, आणि शेवटची काही वर्षं स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, म्हणून खेळलो. आता पोरांना शिकवतो. डिफेन्समध्ये करिअर करायचं म्हणणारा पोरगा आला की त्याला मी परदेशी खेळाडूंचे व्हिडिओ दाखवत नाही, राहुल भेकेची गोष्ट सांगतो. आपल्या मुंबईचा पोरगा, डिसेंबर 1990चा. राइट बॅक आणि स्टॉपर या दोन्ही जागांवर भारतासाठी खेळलेला.

त्याच्या गोष्टीतली पहिली लक्षात ठेवायची बाब म्हणजे वय. भारताकडून पहिला सामना जून 2019मध्ये, थायलंडमधल्या किंग्ज कपमध्ये, कुरासाओविरुद्ध. आपण 3-1 हरलो. भेके तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. एकोणिसाव्या वर्षी सिलेक्शन झालं नाही म्हणून बूट माळ्यावर टाकणाऱ्यांनी हा आकडा कुठेतरी लिहून ठेवावा.

दुसरी बाब क्लबांची. एअर इंडिया, मुंबई एफसी, ईस्ट बंगाल, मग केरला ब्लास्टर्स, पुणे सिटी, बेंगळुरू, मुंबई सिटी, पुन्हा बेंगळुरू. आता यातले बंद पडलेले मोजा. एअर इंडियाची टीम 2013मध्ये राष्ट्रीय लीगमधून गेली, मुंबई एफसी 2017मध्ये, पुणे सिटी 2019मध्ये. आमच्या पिढीचं स्वप्न असलेली महिंद्रा युनायटेड तर 2010मध्येच गुंडाळली गेली होती. आपल्याकडे खेळाडू फॉर्ममध्ये असतो आणि पायाखालचा क्लबच निघून जातो. नव्या क्लबात राइट बॅक आधीच असतो, बऱ्याचदा कप्तानच असतो! अशा वेळी दुसरी जागा येत असेल तर तुम्ही बेंचवरून उठता. त्यात 2015-16च्या सुमारास आयएसएल (इंडियन सुपर लीग) अडीच-तीन महिन्यांचीच असे, तिच्यानंतर आय-लीग ही दुसरी राष्ट्रीय लीग. भेकेसारखे खेळाडू काही महिने एका कोचकडे, काही महिने दुसऱ्याकडे. एक म्हणतो ओव्हरलॅप कर, म्हणजे कडेने पुढे धाव घे, दुसरा म्हणतो हाफलाइन ओलांडलीस तर बघ. दोघांचंही ऐकायचं असतं.

"दुसरी जागा येणं" म्हणजे नक्की काय, हे मला कुणी समजावलं नव्हतं. गोल खाऊन शिकलो.

राइट बॅकला टचलाइन ही बिनपगारी साथीदार असते. कडेने चढाई करणाऱ्या समोरच्या विंगरला तुम्ही बाहेर ढकललंत की उरलेलं काम ती रेघ करते. स्टॉपर झालात की रेघ गेली, दोन्ही बाजू उघड्या. राइट बॅकला बहुतेक खेळ एकाच अंगाला दिसतो, स्टॉपरला मान सतत फिरवावी लागते: चेंडू, माणूस, पुन्हा चेंडू. उभं राहायचं तेही तिरकं, एक खांदा चेंडूकडे आणि दुसरा आपल्या गोलकडे. सरळ उभे राहिलात तर डोक्यावरून आलेल्या चेंडूवर वळायला लागणारा अर्धा सेकंद फॉरवर्डला पुरतो. टॅकलचंही तसंच. टचलाइनजवळ घसरून टॅकल चुकला तर मागे स्टॉपर असतो. स्टॉपर घसरला तर मागे फक्त गोलकीपर, आणि तो तुम्हाला आयुष्यभर ऐकवतो.

मला सगळ्यांत जड गेली ती लाइन, म्हणजे समोरचा फॉरवर्ड आपल्या मागे राहून ऑफसाइड व्हावा म्हणून सगळ्या बचावपटूंनी एका रेषेत वर सरकणं. राइट बॅक होतो तेव्हा ओव्हरलॅप करून परत येताना दोन पावलं मागे राहायची माझी सवय होती, तेवढाच दम खायला. स्टॉपर ओरडायचा, "वर ये, वर!" मला वाटायचं, त्याला नुसती ओरडायची खोड आहे. मग मी स्टॉपर झालो. पावसाळ्यातला सामना, गोलसमोर चिखल, मी हात वर करून लाइन घेऊन निघालो. आमचा नवा राइट बॅक माझ्यासारखाच दोन पावलं मागे. ऑफसाइड जाणारा फॉरवर्ड त्याच्यामुळे ऑनसाइड ठरला आणि गोल झाला. मी रेफ्रीशी भांडलो, पण मनात कळलं होतं. एक जागा नीट समजायला शेजारची जागा खेळावी लागते, हे त्या दिवशी शिकलो. आता माझ्याकडच्या प्रत्येक साइड बॅकला मी महिन्यातून दोन सामने मध्ये खेळवतो. पालक कुरकुर करतात.

आणि बोलणं! राइट बॅक मुका असला तरी चालून जातं. स्टॉपरचा घसा बसलेलाच हवा.

10 सप्टेंबर 2019चा दोह्यातला सामना मिळाला तर बघा. वर्ल्ड कपची पात्रता फेरी, समोर त्याच वर्षी आशियाई विजेता झालेला कतार, आपल्याकडे सुनील छेत्री नाही. 0-0. लोकांना गोलकीपर गुरप्रीतचे सेव्ह आठवतात, आणि ते होतेही तसेच. मी मात्र पोरांना मागची चौकडी बघायला सांगतो. उजवीकडे भेके, मध्ये संदेश झिंगन आणि आदिल खान, डावीकडे मंदार राव देसाई. आदिल मूळचा मिडफिल्डर, मंदार मूळचा डावा विंगर, दोघेही गोव्याचे. म्हणजे आशियाच्या विजेत्यांना रोखणाऱ्या चौघांपैकी दोघे सुरुवातीला डिफेंडर नव्हतेच. मंदारचं पोझिशनिंग बघताना एक कळतं: विंगर कधी आत वळणार हे त्याला बरोबर ठाऊक असतं, कारण आयुष्यभर त्याने तेच केलेलं असतं.

जागा बदलताना जुन्या जागेवरची हत्यारं टाकायची नसतात. भेकेचा लांब थ्रो, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू हाताने आत टाकणं, घ्या. राइट बॅकचं काम थ्रो घ्यायचं, पण त्याचा थ्रो पेनल्टी बॉक्समध्ये कॉर्नरसारखा पडतो. शिवाय थ्रोवरून थेट आलेल्या चेंडूवर ऑफसाइड नसतो, हे अजूनही कित्येक पोरांना माहीत नसतं. आणि हेडर. मार्च 2019, अंधेरीचं मैदान, आयएसएलची फायनल, बेंगळुरूविरुद्ध गोवा. 117वं मिनिट, कॉर्नर, भेकेचं डोकं, 1-0. गोव्याचा अहमद जाहू त्याआधीच लाल कार्ड घेऊन बाहेर गेला होता. तीन वर्षांनी, एप्रिल 2022मध्ये, रियाधला आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटीने इराकच्या अल कुवा अल जवियाला 2-1 हरवलं. त्या स्पर्धेतला भारतीय क्लबचा पहिला विजय. विजयी गोल भेकेचा, पुन्हा कॉर्नरवर हेडरने, आणि या वेळी कॉर्नर मारणारा होता तोच जाहू, आता मुंबई सिटीचा. फुटबॉलमध्ये कुणाशी कायमचं वैर धरू नये ते यासाठी. 2024मध्ये भेके मुंबई सिटीचा कप्तान म्हणून पुन्हा आयएसएल जिंकला, आणि त्याच वर्षी मलेशियाविरुद्ध हैदराबादला भारतासाठीही हेडरने गोल केला.

सरावाचं म्हणाल तर डिफेंडरने आठवड्यातून एक दिवस फक्त हेडर घ्यावेत, आणि उडी कधी मारायची एवढंच बघावं. उंचीपेक्षा वेळ महत्त्वाची. दुसरा पाय रोज. भिंत पुरते, टर्फचे पैसे भरायची गरज नाही. जर्मनीचा फिलिप लाम उजव्या पायाचा असून 2006चा वर्ल्ड कप लेफ्ट बॅक म्हणून खेळला आणि पहिल्याच सामन्यात डावीकडून आत वळून उजव्या पायाने गोल मारला. पण लामच्या नादाने डावा पाय सोडू नका, तो लाम होता.

कागदपत्रांचं थोडक्यात. जन्मदाखला वेळेत काढलेला असावा. उशिरा नोंदवलेल्या दाखल्यावर वयाबद्दल शंका घेतली जाते आणि ती घ्यायलाच हवी. क्लब तुमची नोंदणी करतो तेव्हा आपण कशावर सही करतोय ते वाचा. माझ्या बरोबरीचा एकजण न वाचता सही करून पूर्ण सीझन घरी बसला. शिक्षण सोडू नका. रेल्वेसारख्या ठिकाणी स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी मिळते, पण तिथेही किमान शिक्षण विचारतात. दुखऱ्या हॅमस्ट्रिंगवर गोळी घेऊन सामना खेळायचा नाही. मी खेळलो आहे, म्हणून सांगतो.

गेल्या महिन्यात माझ्याकडचा एक पोरगा एका ट्रायलला गेला. आल्यावर म्हणाला, "सर, फॉर्मवर पोझिशनचा एकच रकाना होता."

"मग काय लिहिलंस?"

"राइट बॅक. आणि बाजूला बारीक अक्षरात स्टॉपर."

"त्यांनी काही विचारलं?"

"हो. विचारलं, स्टॉपर किती सामने खेळलास? मी म्हटलं, नऊ. मग म्हणाले, सेकंड हाफला मध्ये उभा राहा."