पहिला डेटाबेस बांधताना : केळी खरेदीच्या वहीचे उदाहरण

रावेर-यावल भागातील केळीच्या व्यापाऱ्याकडे हिशेबाची एक जाड वही असते आणि तिच्या एकेका ओळीत तारीख, शेतकऱ्याचे नाव, गाव, मोबाइल क्रमांक, मालाचे वजन, त्या दिवसाचा भाव आणि दिलेली उचल असे सगळे एकत्र लिहिलेले असते. खानदेशातील विद्यार्थ्याने पहिला डेटाबेस बांधायला हीच वही घ्यावी, असे माझे मत आहे. क्रमिक पुस्तकांतील कर्मचारी आणि विभाग यांच्या ठरीव उदाहरणात न येणाऱ्या अडचणी तिच्यात येतात, शिवाय शंका आल्यास विचारायला घरात किंवा शेजारी कोणीतरी जाणकार असतोच.

डेटाबेस म्हणजे परस्परसंबंधित नोंदींचा साठा, तर डीबीएमएस (डेटाबेस मॅनेजमेंट सिस्टिम) म्हणजे तो साठा सांभाळणारे सॉफ्टवेअर. वहीला डेटाबेस मानले, तर डीबीएमएस हा तिच्याजवळ बसलेला दिवाणजी होय. नोंद करायची असो वा शोधायची, ती त्याच्यामार्फतच होते आणि नियमात न बसणारी नोंद तो परत करतो. मायएसक्यूएल हा असाच एक डीबीएमएस; ‘मायएसक्यूएल हा डेटाबेस आहे’ हे वाक्य बोलण्यात खपते, उत्तरपत्रिकेत मात्र लिहू नये.

संगणक सुरू करण्यापूर्वी कोरा कागद घ्यावा. एकाच शेतकऱ्याचे नाव आणि गाव वहीत वीस ठिकाणी असेल, तर गाव कुठे ‘सावदा’ आणि कुठे ‘सावदे’ असे होणारच, आणि त्याचा मोबाइल क्रमांक बदलला की वीसही ओळी दुरुस्त कराव्या लागणार. म्हणून शेतकरी, खरेदी आणि उचल अशी तीन स्वतंत्र कोष्टके आखावीत. माहिती अशी कोष्टकांत मांडून समान मूल्यांनी जोडण्याची कल्पना आयबीएममधील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली, आणि आजचे बहुतेक प्रचलित डीबीएमएस तिच्यावरच उभे आहेत.

यानंतर प्रत्येक ओळीची ओळख ठरवावी. नाव ही ओळख होऊ शकत नाही, कारण एकाच गावात एकाच नावाचे दोन पाटील किंवा दोन महाजन असणे आपल्याकडे नवलाचे नाही. मोबाइल क्रमांकही नको, कारण तो बदलतो. शेतकऱ्याला आपण स्वतः दिलेला, पुन्हा कधीही न बदलणारा क्रमांक ही प्रायमरी की ठेवावी. खरेदीच्या आणि उचलीच्या कोष्टकांत हाच क्रमांक फॉरेन की म्हणून, म्हणजे ती नोंद कोणत्या शेतकऱ्याची हे दाखवणारी खूण म्हणून येईल.

भाव कुठे ठेवायचा, यावर मात्र थोडे थांबून विचार करावा. भाव रोज बदलतो, म्हणून ‘आजचा भाव’ एका वेगळ्या जागी ठेवून रोज तिथेच खोडून नवा लिहावा, असे अनेकांना सुचते. तसे केले, तर गेल्या महिन्यातल्या मालाचीही रक्कम आजच्या भावाने निघू लागते! ज्या भावाने माल घेतला तो त्या खरेदीचाच भाग आहे, म्हणून तो खरेदीच्या ओळीत लिहावा. कोणती गोष्ट कोणाची आहे, हा प्रश्न प्रत्येक रकान्याबाबत विचारला की कोष्टकांची मांडणी बव्हंशी आपोआप बरोबर येते.

आता संगणकाकडे वळावे. सरावासाठी एसक्यूलाइट हे छोटे डीबीएमएस सॉफ्टवेअर पुरेसे आहे. ते मोफत आहे, त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही आणि सगळा डेटाबेस सहसा एकाच फाइलमध्ये मावतो. ‘क्रिएट टेबल’ या आज्ञेने तिन्ही कोष्टके तयार करताना वजन आणि रक्कम यांना संख्येचा प्रकार द्यावा, मोबाइल क्रमांकाला मात्र मजकुराचा, कारण त्याची बेरीज कोणी करीत नाही. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहिली तर अनुक्रम बिघडत नाही. मराठीत नोंदी करणाऱ्यांनी एक विशेष काळजी घ्यावी : संख्येच्या रकान्यात देवनागरी अंक लिहिले, तर एसक्यूलाइट ते बिनतक्रार मजकूर म्हणून ठेवते आणि बेरजेत शून्य धरते. आकडे इंग्रजी अंकांतच भरावेत, आणि २०२१ पासून उपलब्ध असलेला ‘स्ट्रिक्ट’ हा पर्याय कोष्टकाला जोडावा, म्हणजे अशी नोंद नाकारली जाईल. फॉरेन कीची तपासणीही एसक्यूलाइटमध्ये सहसा बंद असते. ‘प्रॅग्मा’ या आज्ञेने ती प्रत्येक जोडणीच्या वेळी सुरू करावी, अन्यथा अस्तित्वात नसलेल्या शेतकऱ्याच्या नावावरही माल चढेल.

माल घेताना रोख उचल दिली, तर खरेदी आणि उचल अशा दोन नोंदी होतात. पहिली झाली आणि तेवढ्यात वीज गेली, तर दिलेले पैसे हिशेबात दिसणार नाहीत आणि पुन्हा द्यावे लागतील. यासाठी ‘बिगिन’ आणि ‘कमिट’ या आज्ञांच्या मध्ये दोन्ही नोंदी बसवाव्यात. हा झाला एक ट्रान्झॅक्शन. कमिट होण्याआधी वीज गेली, तर फाइल पुढच्या वेळी उघडताना अर्धवट राहिलेली नोंद रद्द होते आणि डेटाबेस पूर्वस्थितीला येतो.

शेवटी प्रत्येक शेतकऱ्याला किती देणे बाकी आहे, हे काढावे. इथे नवखे हमखास चुकतात. शेतकरी, खरेदी आणि उचल ही तिन्ही कोष्टके ते एकाच ‘जॉइन’मध्ये जोडतात, पण एखाद्याच्या तीन खरेदी आणि दोन उचली असतील, तर जोडणीतून सहा ओळी निघतात, म्हणजे खरेदीची रक्कम दुप्पट आणि उचलीची तिप्पट होते. आज्ञा चालते, चूक दाखवली जात नाही, उत्तर मात्र खोटे असते. म्हणून ‘ग्रुप बाय’ वापरून खरेदीची आणि उचलीची शेतकरीनिहाय बेरीज आधी स्वतंत्रपणे करावी आणि मग त्या दोन बेरजा शेतकऱ्याच्या कोष्टकाला ‘लेफ्ट जॉइन’ने जोडाव्यात, म्हणजे एकदाही उचल न घेतलेला शेतकरी यादीतून गळणार नाही; त्याच्या रिकाम्या रकमेच्या जागी ‘कोअॅलेस’ने शून्य घालावे. निघालेली बाकी वहीतील निदान पाच शेतकऱ्यांच्या हिशेबाशी हाताने ताडून पाहावी.